हेडरला रॅप गुंडाळू की नको: दीड महिन्याचा घोळ

मागच्या मार्चमध्ये मी पंधरा मीटर पट्टी ऑनलाइन मागवली. पार्सल बायकोने उघडलं आणि तिला वाटलं घरात कुणाचा तरी पाय मुरगळलाय, कारण तो रोल दिसायला थेट क्रेप बँडेज, फक्त रंग तांबूस-सोनेरी. "कुणाला बांधायचंय हे?" "गाडीला." ती पुढे काही बोलली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली की माणूस काही प्रश्न विचारायचं सोडून देतो.

गाडी म्हणजे २००३ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक, जिला आमच्या पिढीतले लोक नुसतं "व्हीटेक" म्हणतात आणि समोरच्याला कळतं. कागदावर १०६ बीएचपी. आज हा आकडा एखादी साधी टर्बो हॅचबॅक पण सहज दाखवते, पण तेव्हा ही गाडी म्हणजे काय होतं ते ज्यांनी २००३ साली कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहून बघितलंय त्यांनाच माहीत. माझ्याकडे ती आली २०१६ला, तिसऱ्या हाताची. आधीच्या मालकाने कंपनीच्या ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी ४-२-१ हेडर बसवलेला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा: चार सिलिंडरचे चार पाईप आधी दोन-दोन जोडून दोन होतात, मग दोनाचा एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असल्यामुळे १ आणि ४ची जोडी, २ आणि ३ची जोडी, म्हणजे एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही, उलट निघताना मागे थोडी ओढ सोडून जातो. मधल्या आरपीएमला गाडी जी मोकळी होते ती त्यामुळे. आमचे मिस्त्री मात्र त्याला हेडर म्हणत नाहीत, "बेंड" म्हणतात, आणि मीही त्यांच्या गॅरेजमध्ये बेंडच म्हणतो.

(दर री-पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, कंपनीचा मॅनिफोल्ड परत चढवायचा, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि गाडी कंपनीने दिली तशी असली पाहिजे वगैरे, हा एक वेगळाच तमाशा आहे, त्यावर परत कधीतरी.)

आता अडचण काय होती ते सांगतो. या इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, रेडिएटरकडे तोंड करून, आणि हवा आत घेणारा इनटेक मागे, केबिनच्या भिंतीकडे. म्हणजे हेडरचे चारही पाईप रेडिएटरच्या फॅनसमोर लटकतात, मध्ये जेमतेम तीन-चार बोटांची जागा. कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डवर पत्र्याचं एक झाकण येतं, हीट शील्ड. हेडर बसवला की ते झाकण बसत नाही, आणि मग शंभरातले नव्वद लोक ते काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकतात आणि विसरतात. माझ्या आधीच्या मालकानेही तेच केलेलं. नतीजा असा की ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवरची नळी कडक होऊन बिस्किटासारखी तुटायला लागली, फॅनच्या प्लास्टिक कव्हरची एक कड वितळून वाकली, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं अडकलो की बोनेटवर हात ठेववत नव्हता. गाडी बंद केली की तर आणखी वाईट, कारण चालत्या गाडीत निदान वारा असतो, पाणी फिरत असतं, बंद केल्यावर ती सगळी धग जागच्या जागी वर चढते.

मग काय, यूट्यूब. यूट्यूबवर प्रत्येक जण रॅप गुंडाळतोय. काचेच्या धाग्याची पट्टी, नाहीतर बेसॉल्टची, म्हणजे ज्वालामुखीचा दगड वितळवून त्याचे धागे काढून विणलेली. बेसॉल्ट म्हटल्यावर मला उगाच आपुलकी वाटली, सह्याद्री सगळा त्याचाच बनलेला, आपल्याच घरचा माल. मी तीच मागवली.

गुंडाळण्याआधी मी एक शहाणपणा केला, तो म्हणजे थोडं गणित. आणि एक मूर्खपणा पण केला, गणित पट्टी मागवल्यावर केलं.

गणित असं. घाट चढताना किंवा जरा जोरात चालवताना पाईपचा पत्रा पाचशे डिग्रीच्या आसपास जातो असं धरा. चार पाईप, प्रत्येक चाळीसेक सेंटीमीटर लांब, व्यास बेचाळीस मिलिमीटर, म्हणजे सगळा मिळून पृष्ठभाग साधारण ०.२१ चौरस मीटर. जुना काळपट पत्रा धग फेकायला एकदम उदार असतो. फेकलेली उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हे बारावीच्या फिजिक्सचं. हिशोब केला तर नुसत्या उत्सर्जनाने तीन-साडेतीन किलोवॉट येतात, वाऱ्याने जी जाते ती वेगळी. म्हणजे बोनेटखाली बाथरूमचा तीन किलोवॉटचा गीझर पाण्याशिवाय चालू ठेवून द्यायचा. साडेतीनशे डिग्री धरले तरी दीड किलोवॉटच्या आसपास, दोन इस्त्र्या. हा आकडा निघाल्यावर मला त्या बिचाऱ्या प्लास्टिक कव्हरबद्दल आदरच वाटला, एवढी वर्षं टिकलं.

तर रॅपने हे कमी होणार यात वाद नाही. पट्टी नीट घट्ट बसवली तर बोनेटखालची धग खरंच बरीच उतरते. पण लोक रॅप विकताना दुसरंच सांगतात, "पॉवर वाढते". ते दोन मार्गांनी वाढते म्हणे. एक, धूर गरम राहतो, गरम धूर हलका आणि वेगवान, त्यामुळे ओढ चांगली. दोन, इंजिनला हवा थंड मिळते.

पहिल्याबद्दल माझं मत असं झालं की तत्त्व बरोबर आहे पण माझ्या गाडीत त्याला फारसा वाव नाही. गरम वायूत आवाजाचा वेग जास्त असतो, सहाशे डिग्रीला सेकंदाला ५९०च्या आसपास मीटर, पाचशेला ५५५ च्या आसपास, आणि हेडरची लांबी ज्या आरपीएमला जुळते ती त्याप्रमाणे सरकते, हे सगळं खरं. पण धूर त्या पाईपमध्ये असतो किती वेळ? सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात तो किती गार होणार आणि पट्टीने किती वाचणार. टर्बो गाडीत गोष्ट वेगळी, तिथे धुरातली उष्णता टर्बाइनला थेट कामाला येते म्हणून टर्बोच्या आधीचा भाग झाकण्यात अर्थ आहे. माझ्याकडे टर्बो नाही, हौस आहे.

दुसऱ्याबद्दल मात्र मला खरंच उत्सुकता होती, कारण हवा १० डिग्री थंड झाली, समजा ४५ ऐवजी ३५, तर ती सव्वातीन टक्के घट्ट होते. १०६चे सव्वातीन टक्के म्हणजे साडेतीन बीएचपी, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच मिळतात असं धरून चाललं तरी फुकटचे पावणेदोन. म्हणून मी एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाची हवा गाळून घेणाऱ्या डब्यात, तापमान मोजायचा एक प्रोब सोडला, साधा, मल्टिमीटरबरोबर येतो तो के-टाइप थर्मोकपल, त्याची वायर दाराच्या फटीतून आत घेतली आणि आठवडाभर ऑफिसला जाताना मीटर शेजारच्या सीटवर. सिग्नलला पोलीसमामा आत वाकून बघायचे.

बाहेर ३४ डिग्री होते. दांडेकर पुलाच्या सिग्नलला थांबलो की आकडा चढत चढत ५२-५३. आणि मग एका रविवारी सकाळी सातारा रस्त्याने निघालो, कात्रजचा बोगदा ओलांडला, ऐंशीच्या स्पीडला पाचच मिनिटांत आकडा ३८वर आला आणि तिथेच बसला. खंबाटकी चढताना पण चाळीसच्या वर गेला नाही. म्हणजे काय, तर ज्या वेळी मला पॉवर हवी असते त्या वेळी हवा बाहेरच्यापेक्षा चार-सहाच डिग्री गरम असते, आणि ज्या वेळी हवा तापलेली असते त्या वेळी मी पुढच्या रिक्षाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये बसलेलो असतो आणि मला पॉवर नको, एसी हवा असतो. कंपनीचा एअर बॉक्स इंजिनाच्या पोटातली हवा घेत नाही हे त्याचं कारण. मध्यंतरी मी शायनिंग म्हणून उघडा कोन फिल्टर लावला होता, तो मात्र सगळी गरम हवाच प्यायचा, आवाज मस्त, गाडी मंद. तो काढून जुना डबा परत बसवला ते मी या गाडीवर केलेलं सगळ्यात चांगलं मॉडिफिकेशन, शून्य रुपये.

एक बाजूची गोष्ट. रॅपच्या व्हिडिओत ती लाल ठिपक्याची गन दाखवतात ना, आधी इतके डिग्री, नंतर निम्मे, त्या आकड्यांवर फार जाऊ नका. इन्फ्रारेड गन पृष्ठभाग किती चकचकीत आहे यावर फसते. नवीन चकाचक स्टेनलेसवर मारली तर ती खूपच कमी दाखवते, काळ्या पत्र्यावर बरोबरच्या जवळपास, पट्टीवर आणखी वेगळं. मी आमच्या कुकरवर मारून बघितली, आत शिट्टी होतेय आणि गन म्हणते ४१ डिग्री. बायकोने फक्त बघितलं.

तर पॉवर गेली बाजूला. राहिली धग, वायरी आणि प्लास्टिक. त्याच्यासाठी तरी रॅप करायचा का?

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "करू की, दोन तास लागतील, पण नंतर ऑइल गळलं तर मला बोलावू नका, फायर ब्रिगेडला बोलवा." ते चेष्टेत बोलतात तेव्हा ऐकायचं असतं हे मी शिकलोय. या इंजिनाच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, गॅस्केट म्हातारपणी गळतं आणि गळलेलं ऑइल ओघळून पुढच्या बाजूने खाली येतं, म्हणजे बरोबर हेडरवर. उघड्या पाईपवर थेंब पडला की चर्र होतं, वास येतो, तुम्हाला कळतं, आठवड्यात गॅस्केट बदलता. पट्टी तोच थेंब पिऊन घेते. वास कमी, धूर कमी, आणि दिव्याच्या वातीसारखं ऑइल साठत राहतं आतल्या तापलेल्या पाईपला चिकटून. मग एक दिवस घाटात. आणि माझं गॅस्केट कोरडं होतं का? नव्हतं. तळहातभर ओल होती, जी मी सहा महिने "बघू" म्हणत होतो. त्या आठवड्यात ते आधी बदलून घेतलं, रॅपचं काही का होईना.

मित्र आहे एक, तो गाडी घेऊन कोईमतूरला करी स्पीडवेवर जातो ट्रॅक डेला. त्याच्या गाडीत हेडर, खालचा पाईप, सगळं गुंडाळलेलं. त्याचं म्हणणं, "डोळे झाकून कर." पण मी त्याला विचारलं हेडर किती टिकतो, तर म्हणाला, "दोन सीझन. वेल्डला क्रॅक जातो. मग नवीन." त्याला चालतं कारण त्याची गाडी ट्रेलरवर जाते, वर्षातून चार-पाच वेळा चालते, दर वेळी लिफ्टवर चढते आणि पावसात भिजतच नाही. आमची गाडी जूनमध्ये वारज्याच्या पुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून जाते.

क्रॅकचं कारण पण सोपं आहे. पट्टी धग बाहेर जाऊ देत नाही म्हणजे ती कुठेतरी राहतेच, आणि राहते पत्र्यात. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिनाच्या पोर्टपाशी धूर सातशे-साडेआठशे डिग्री असतो, उघडा पत्रा वाऱ्याने त्याच्या बराच खाली राहतो, गुंडाळलेला पत्रा त्याच्या जवळ जवळ जातो. साधं लोखंड साडेपाचशेच्या वर गेलं की त्याचा पापुद्रा सुटायला लागतो. स्टेनलेस त्यापेक्षा बरंच सहन करतं, पण ३०४ला, म्हणजे स्टेनलेसच्या नेहमीच्या जातीला, ४२५ ते ८५० डिग्रीच्या मध्ये जास्त वेळ ठेवलं की वेल्डच्या आजूबाजूला त्यातलं क्रोमियम कार्बनशी जोडून बसतं आणि तेवढ्या रेघेपुरतं ते स्टेनलेस राहत नाही. शिवाय लांबी. स्टेनलेसचा मीटरभर पाईप सहाशे डिग्रीने तापला की सेंटीमीटरभर वाढतो. ती वाढ कुठल्या तरी वेल्डने सोसायची असते. म्हणूनच हेडर बनवणारे कितीतरी जण स्पष्ट लिहितात की रॅप केला तर वॉरंटी गेली. वॉरंटी आमच्याकडे नव्हतीच, पण ते का लिहितात तेवढं कळलं.

आता माझा हेडर कशाचा? आधीच्या मालकाने छातीवर हात ठेवून सांगितलेलं, "एसएस आहे", म्हणजे स्टेनलेस स्टील. फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढलं आणि लावलं. टच्चकन चिकटलं. ३०४ला असं चिकटत नाही. पण ४०९ म्हणून एक स्वस्त स्टेनलेस असतं, सायलेन्सरमध्ये तेच वापरतात, त्याला चिकटतं, म्हणून आशा सोडली नाही. फ्लँजची, म्हणजे पाईप इंजिनला बोल्ट होतो त्या पट्टीची, एक कड कानसने घासून पांढरी केली आणि रात्रभर ओलं फडकं बांधून ठेवलं. सकाळी फडक्यावर नारिंगी डाग. ४०९ एका रात्रीत असं रडत नाही. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड, वरून चंदेरी रंग. सात वर्षं मी चारचौघांत "एसएस हेडर" म्हणून सांगत होतो.

एवढं झाल्यावरही मी गुंडाळणारच होतो बरं का. रोल समोर दिसत होता, पैसे गेले होते, स्टीलचे टाय पण आले होते. एमएस तर एमएस, सडला तर सडला, असा विचार. मग मे महिन्यात चिपळूणला मामांकडे गेलो.

मामा लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गाड्यांमधलं त्यांना काही कळत नाही, कळून घ्यायची इच्छाही नाही, त्यांची स्वतःची गाडी धुतलेली मी पाहिलेली नाही. जेवण झाल्यावर अंगणात मी उगाच विषय काढला, मोबाईलवर फोटो दाखवला, म्हटलं अशी पट्टी गुंडाळायची आहे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे तर लॅगिंग." म्हणजे कारखान्यात पाईपवर गुंडाळतात ते आवरण. म्हटलं, हो, तसंच. "खालचा पाईप कसला? एमएस? रंग दिलेला? आणि गाडी पावसात जाते?" मी तिन्हीला हो म्हटलं. मामा हसले. "मग तू दोन वर्षांनी पाईप बघायला जाशील तेव्हा नुसतं लॅगिंग उरलेलं असेल."

आणि मग पुढचा तास मी जो ऐकला तो मला कुठल्याही यूट्यूबवर मिळाला नसता. वाफेच्या, गरम पाण्याच्या, केमिकलच्या लाइनींवर रॉकवूल नाहीतर ग्लासवूल गुंडाळतात, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. कोकणातला पाऊस कुठून ना कुठून त्या पत्र्याच्या फटीत शिरतो. आत शिरलेलं पाणी वाळत नाही, कारण वारा लागत नाही. बाहेरून लाइन नवी कोरी, चकाचक, साहेब राउंडला आले की खूश. आणि आत पाईप खायला सुरुवात झालेली. मामा म्हणाले शटडाउनला एकदा क्लॅडिंग, म्हणजे तो वरचा पत्रा, उघडलं तर दोन इंची पाईप हाताने दाबला गेला, पोह्याच्या पापडासारखा. त्यांच्या धंद्यात याला नाव आहे, इन्सुलेशनखालचा गंज, आणि जगभरच्या रिफायनऱ्या त्याच्यावर पैसा ओततात.

मी म्हटलं, पण मामा, माझा पाईप पाचशे डिग्रीला जातो, पाणी उडून नाही का जाणार? तर म्हणाले, "सतत तापलेली लाइन सडत नाही रे. थंड पडलेली पण हळूहळू सडते. जी रोज चालू-बंद होते ना, ती सडते. गरम होताना गार होताना दोन्ही वेळी ती त्याच मधल्या पट्ट्यातून जाते. पाणी कोमट, हवा भरपूर, मीठ-बीठ चिकटलेलं. गंजाला यापेक्षा काय पाहिजे?" साध्या लोखंडाला शून्याच्या जरा खालपासून ते पावणेदोनशे डिग्रीपर्यंत धोका, आणि वरच्या टोकाकडे, पाणी अजून टिकून आहे पण गरम आहे तिथे, सगळ्यात जोरात, असं ते म्हणाले. स्टेनलेस असतं तरी सुटका नाही, मिठाच्या पाण्याने साठ डिग्रीच्या वर त्याला केसासारख्या चिरा जातात.

आणि मी डोक्यात माझ्या गाडीचा दिवस लावला. सकाळी नऊला ऑफिस, चाळीस मिनिटं. पाईप तापला. पार्किंगमध्ये नऊ तास, गार. संध्याकाळी परत. रात्रभर गार. दिवसातून चार वेळा त्या पट्ट्यातून जातो. चार महिने पाऊस. हेडर पुढे, रेडिएटरच्या मागे, आणि खालचा प्लास्टिकचा स्प्लॅश गार्ड कधीच तुटून पडलेला, म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेलं पाणी सरळ पट्टीवर. वर दर दोन-तीन महिन्यांनी गणपतीपुळे नाहीतर दापोली, समुद्राची हवा. आमच्या गाडीपेक्षा त्यांची वाफेची लाइन सुखात होती.

बुलेटवाल्यांचा बेंड पाईप आठवा. पहिल्या दिवशी काय सुंदर दिसतो, एका पावसाळ्यात काळा ओला पोतेरा होतो, आणि पट्टी काढली की आतून पाईप कुष्ठरोगासारखा. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि माझ्या गाडीशी कधी जोडलंच नव्हतं.

"मग काय करू?" म्हटलं. मामा म्हणाले, "झाकायचं असेल तर लांबून झाक. पाईपला हवा लागू दे." म्हणजे शील्ड. म्हणजे जे होंडाने २००३ला दिलं होतं आणि कुणीतरी काढून टाकलं. दीड महिना फिरून मी तिथेच आलो.

सिरॅमिक कोटिंग हा पण एक पर्याय होता, तो मी मनापासून तपासला. पाईपच्या आतून-बाहेरून पातळ थर, पाणी अडकायला जागाच नाही, धग पण कमी. पण ते चांगलं करायचं तर पाईप सँडब्लास्ट करून घ्यावा लागतो, आणि माझ्या या एमएसच्या नळ्यांना जो कोट आला त्यात अजून एक हेडर आला असता. नवीन ३०४चा हेडर घेईन तेव्हा आधी कोटिंग करून मगच बसवीन. या म्हाताऱ्याला नाही.

शील्डसाठी भोसरीला गेलो, ओळखीच्या शॉपमध्ये अर्ध्या एमएमच्या एसएसचा उरलेला तुकडा मिळाला. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, टीव्हीच्या खोक्याचा, तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. एसएस का, तर ॲल्युमिनियम धग परतवायला जास्त चांगलं, पण पातळ ॲल्युमिनियम थरथरून बोल्टच्या भोकापाशी फाटतं असं शॉपवाले म्हणाले आणि मला ते पटलं. पाईप आणि पत्रा यात दीड सेंटीमीटर हवा राहील असे स्पेसर लावले. वर आणि खाली उघडं ठेवलं म्हणजे गरम हवा चढून निघून जाईल. मग चालू केली गाडी आणि २२००च्या आरपीएमला तो पत्रा असा वाजायला लागला की जणू कुणी आत तबला लावतंय. परत भोसरी. कड मुडपून घेतली, मध्ये दोन नाळी दाबून घेतल्या, आवाज गेला, म्हणजे बराच गेला. नाना पेठेत जाऊन स्प्लॅश गार्ड आणि त्याच्या क्लिपा आणल्या, तो बसवला. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर नवीन नळी चढवली आणि तिला पाईपपासून लांब बांधली. सगळं मिळून खर्च त्या पट्टीच्या रोलपेक्षा सातशे रुपयांनी जास्त.

फॅनच्या कव्हरवर प्रोब चिकटवून आधी-नंतर बघितलं. तोच रस्ता, तशीच संध्याकाळ, गाडी बंद करून दहा मिनिटांनी. आधी ११८, आता ८४. माझा मल्टिमीटर म्हणजे काही प्रयोगशाळा नाही, आणि रॅपने कदाचित याहून खाली आलं असतं, ते मी मान्य करतो. पण ८४ला ते प्लास्टिक जगतं, आणि पाईप डोळ्यांना दिसतो. टॉर्च मारली की चारही वेल्ड दिसतात. जुलैमध्ये तिसऱ्या नंबरच्या पाईपला फ्लँजपाशी केसाएवढी काळी रेघ दिसली, तिथून धूर फुंकत होता, आर्गॉन वेल्ड मारून घेतलं, अर्ध्या तासाचं काम. गुंडाळलेली असती तर मी महिनाभर टॅपेट वाजतायत म्हणून मिस्त्रींच्या मागे लागलो असतो.

ज्यांची गाडी फक्त ट्रॅकची आहे, किंवा जागाच एवढी कमी आहे की पत्रा मावतच नाही, त्यांनी खुशाल गुंडाळा. एखादा वितभर तुकडा, स्टार्टर मोटरजवळून नाहीतर ब्रेकच्या पाईपजवळून जाणारा, तेवढाच गुंडाळला तरी मी नाक मुरडणार नाही. काचेच्या धाग्याची असेल तर भिजवून गुंडाळा, ग्लोव्ह्ज आणि मास्क लावून, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल, आणि पहिल्यांदा तापताना धूर येतो तेव्हा सोसायटीत नका करू. माझा रोल त्या कोईमतूरवाल्या मित्राने नेला, अर्ध्या किमतीत. घेताना म्हणाला, "घाबरलास." म्हटलं हो.

गणपतीला मामा पुण्याला आले होते. आरती झाल्यावर खाली पार्किंगमध्ये नेलं आणि बोनेट उघडून दाखवलं. त्यांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक केलं, वाकून खालून बघितलं, स्पेसरमधून बोट घालून फट मोजली. मला वाटलं आता शाबासकी.

"बोल्टांना कॉपर ग्रीस लावलंस?"

लावलं नव्हतं.